पाच आठवड्यांत कोडर? अगं, आधी व्हिसा बघ

यावेळचं पत्र एडिसनहून आलंय, न्यू जर्सीतून. लिहिणारी मुलुंडची माहेरवाशीण. बीएचएमएस झालेली, लग्नाआधी भांडुपला स्वतःचा छोटा दवाखाना चालवलेली आणि आता बरीच वर्षं एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, घरी. पत्र लांबलचक आहे, मुद्द्याचं तेवढं देते.

“मावशी, जूनअखेर मुलांना सुट्टी लागते. जुलैत सहा आठवडे मुलुंडला येतेय. ठाण्याला स्टेशनजवळ एक क्लास आहे, पाच आठवड्यांत मेडिकल कोडिंग पूर्ण शिकवतात आणि शंभर टक्के नोकरीची हमी देतात. इथल्या मानाने फी म्हणजे काहीच नाही. नोकरी मुंबईच्या कंपनीची, काम मी एडिसनहून घरबसल्या करायचं. मुलं आईकडे राहतील. त्याच ट्रिपमध्ये माझं रूट कॅनाल आणि ह्यांचे चष्मेही उरकते. ह्यांचं म्हणणं, हे काम उद्या कॉम्प्युटरच करणार, पैसे कशाला घालवतेस? तुम्ही सांगा.”

“इथल्या मानाने काहीच नाही.” या वाक्याशी माझं जुनं वैर आहे, हा स्तंभ नेमाने वाचणाऱ्यांना ते ठाऊक आहे. आपण सगळे तिथे राहून हे शिकतो. डॉलरला रुपयाने गुणायचं किंवा भागायचं आणि जे स्वस्त पडेल ते मुंबईच्या यादीत टाकायचं. दात, चष्मे, ब्लाउज, आईचं बँकेचं केवायसी, मुलीची मुंज नाही म्हणून निदान नथ तरी. माझी नणंद डॅलसहून यायची ती अशी यादी घेऊनच. सासूबाई एकदा न राहवून म्हणाल्या, “ही मला भेटायला येते की शिंप्याला?” आता त्या यादीत तू पेशा घातलास. दात सहा आठवड्यांत होतात गं. पेशाचं तसं नाही.

आधी ते घरबसल्या कामाचं बघू, कारण पत्रातली सगळ्यात धोक्याची ओळ तीच आहे आणि तू ती कौतुकाने लिहिली आहेस. पगार रुपयात, कंपनी मुंबईची, पण तू बसणार एडिसनला. म्हणजे काम अमेरिकेत चाललंय. एच-फोरवर त्यासाठी ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, लागतं. 2015 पासून ते काही एच-फोरवाल्यांना मिळतं, मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराचा आय-140, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज, मंजूर झालाय त्यांना. ह्यांचा झालाय का? चार पानी पत्रात तू चष्म्याचा नंबर लिहिलास, हे नाही लिहिलंस! क्लासवाल्याला तुझ्या व्हिसाचं सोयरसुतक नाही. झाला असेल तर वकिलाला विचारून अर्ज कर. झाला नसेल तर शिकायला कोणी अडवत नाही, एच-फोरवर शिकता येतं. पण काम नाही, रुपयातलंसुद्धा नाही.

आता कोडिंग. डॉक्टरने लिहिलेली नोंद वाचायची, आजाराला आयसीडी-10-सीएमचा कोड लावायचा, डॉक्टरने केलेल्या कामाला सीपीटीचा, औषधं-उपकरणांना एचसीपीसीएसचा. त्यावर इन्शुरन्स पैसे देतो किंवा नाकारतो. ऐकायला कारकुनी वाटतं. माझी भाची ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये हेच काम करते, बी.फार्म. आहे. ती सांगते, नव्या भरतीत बीएचएमएस, फिजिओथेरपीवाल्या खूप असतात, शरीररचना त्यांना पाठ असते, आणि तरी पहिल्या महिन्यात त्याच अडखळतात. का, तर त्या निदान करायला जातात. ओपीडीच्या नोंदीत डॉक्टरने “न्यूमोनियाचा संशय” लिहिलं, तर न्यूमोनियाचा कोड लावायचा नाही, ताप-खोकल्याचा लावायचा. तोच पेशंट रुग्णालयात दाखल होता आणि घरी सोडताना “बहुधा न्यूमोनिया” असंच राहिलं, तर मात्र न्यूमोनिया धरायचा. डायबेटिस टाइप टू आणि किडनीचा जुना आजार एकाच नोंदीत दिसले, तर “यामुळे ते” असं डॉक्टरने लिहिलेलं नसलं तरी नियम संबंध धरायला सांगतो, त्याने स्वतः तो नाकारला नसेल तर. मग ई11.22, म्हणजे डायबेटिसमुळे झालेल्या किडनीच्या आजाराचा कोड, आणि त्याच्या जोडीला किडनीचा आजार कोणत्या टप्प्यावर आहे त्याचा वेगळा कोड. एक लावला आणि दुसरा राहिला की ऑडिटरचा शेरा आलाच. तुझं डॉक्टरी डोकं इथे फार उपयोगी पडेल, पण आधी त्याला गप्प बसायला शिकवावं लागेल. त्याला पाच आठवडे पुरत नाहीत. तुझ्या त्या पाचांतले दोन तरी तुला हृदयाचे कप्पे शिकवण्यात जातील, जे तू बीएचएमएसच्या पहिल्याच वर्षी शिकलीस.

परीक्षा म्हणशील, तर बहुतेकजणी देतात ती सीपीसी, एएपीसी या कोडरांच्या अमेरिकन संस्थेची. 100 प्रश्न, चार तास, 70 टक्क्यांना पास. कोडची पुस्तकं समोर उघडी ठेवायची परवानगी असते, आणि त्यावर खुशाल राहणाऱ्याच गटांगळ्या खातात, कारण एका प्रश्नाला अडीच मिनिटंही येत नाहीत. पान कुठलं हे हाताला माहीत असावं लागतं. ती परीक्षा मुंबईत दिलीस काय किंवा एडिसनला दिलीस काय, तीच. आणि पास झालीस तरी नावापुढे सीपीसी-ए लागतं, त्यातला ‘ए’ म्हणजे शिकाऊ. दोन वर्षांचं काम दाखवलं की तो निघतो, किंवा थोडं काम आणि मान्य असलेला सराव अभ्यासक्रम मिळून निघतो. तुमच्याकडच्या जाहिराती नेमकी ती दोन वर्षं मागतात. ठाण्याची शंभर टक्के हमी या दारापाशी येऊन थांबते, कारण ती हमी असलीच तर ऐरोलीच्या नोकरीची आहे, न्यू जर्सीच्या नाही.

माझ्या वहिनीचं सांगते. कोलंबसला असते, ओहायोत. रुईयाची बॉटनीवाली, तिथे गेल्यावर सगळं शून्यापासून. तिने जवळच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचे वर्ग घेतले, वर्ष-दीड वर्ष, भाऊ तेवढ्या वेळात पोळ्या लाटायला शिकला (अजून नकाशेच लाटतो, पण लाटतो). परीक्षा पास होऊनही कोडिंगची नोकरी मिळेना, तेव्हा ती एका डॉक्टरच्या ऑफिसात पुढच्या टेबलावर बसली. फोन घ्यायचे, इन्शुरन्सची कार्डं तपासायची. एम.एस्सी. बाईने फोन घ्यायचे म्हणून आमच्या घरातच नाकं मुरडली गेली. पण तिथे तिने नाकारलेले क्लेम पाहिले, ते का नाकारले ते विचारत राहिली, आणि त्याच ऑफिसचं बिलिंग तिच्याकडे आलं. आज हॉस्पिटलात कोडर आहे, घरून काम करते, कायद्याने. तुला हे जमणार नाही असं मला मुळीच वाटत नाही. दवाखाना चालवलेली बाई तू, पेशंटशी कसं बोलायचं हे तुला कोणी शिकवायला नको. “मी आता कुठली डॉक्टर” हे जे पत्रात तीनदा लिहिलं आहेस ना, ते पुढच्या पत्रात दिसलं तर मी उत्तर देणार नाही.

मग मुंबईत काय करायचं? आईजवळ बस. एखाद्या रविवारी माझ्या भाचीसारखं कोणी कोडर ओळखीत असेल तर घरी जेवायला बोलाव आणि कामाबद्दल भरपूर विचार. पेशंटच्या नोंदी ती दाखवणार नाही, दाखवताही कामा नये, पण तिचा दिवस कसा जातो ते सांगेल. दिवसाला किती चार्ट, म्हणजे पेशंटच्या फायली, संपवाव्या लागतात, चुकलं की काय होतं, डोळ्यांचं काय होतं. रात्रपाळी बहुतेक इन्शुरन्स कंपन्यांना फोन लावणाऱ्यांना असते, कोडरला सहसा नाही, हेही ती सांगेल. तेवढं ऐकून मन घेतलं तर परत गेल्यावर सप्टेंबरात तिथल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घाल. पुस्तकं चालू वर्षाची घे. आयसीडीचे बदल 1 ऑक्टोबरला लागू होतात, सीपीटीचे 1 जानेवारीला. क्लासवाले मागच्या बॅचची जुनी पुस्तकं स्वस्तात देऊ करतील आणि तू डॉलरने भागाकार करशील, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ह्यांचं कॉम्प्युटरचं म्हणणं अगदीच खोटं नाही. एक्स-रेच्या अहवालांसारख्या साच्यातल्या नोंदी आता सॉफ्टवेअर बऱ्याच अंशी उरकतं. गुंतागुंतीचे चार्ट, ऑडिट आणि नाकारलेल्या क्लेमची भांडणं यांना अजून माणूस लागतो, आणि तिथे वैद्यकीय शिक्षण असलेलीचा वरचष्मा राहतो. ह्यांना हेही विचार की त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअरचं काम कॉम्प्युटर करणार नाही, अशी हमी त्यांना कोणी दिली आहे?

जाता जाता इतर देशांतल्या वाचकांसाठी. ठाण्यात किंवा अंधेरीत शिकवतात ते बहुधा अमेरिकेचं कोडिंग. इंग्लंडात एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत आयसीडी-10 सोबत ओपीसीएस-4 चालतं, कॅनडात आयसीडी-10-सीए आणि सीसीआय, ऑस्ट्रेलियात आयसीडी-10-एएम. टोरंटोहून मागे एकीने क्लासची पावतीच पाठवून “आता पुढे काय करू?” विचारलं होतं. पावती पाठवण्याआधी विचारायचं असतं.

तुझे बाकीचे प्रश्न. लेक आजीशी इंग्रजीत बोलते: बोलू दे, सहा आठवडे आजीकडे राहिली की भूक लागल्यावर मराठी येतं. सासूबाई डोंबिवलीला आणि तू सगळे दिवस मुलुंडला, हे मात्र बरं दिसत नाही, पहिले दहा दिवस तिकडे जा, वाद नको. रूट कॅनाल आल्या आल्या सुरू कर, दोन-तीन खेपा लागू शकतात आणि जुलैत लोकलचा भरवसा नसतो. मुलुंडच्या फ्लॅटच्या भाड्याचं सीएला विचार, मला नको.