अर्धा भाग धरायचा की पूर्ण? मोजमापाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मिलिमीटरच्या खुणांच्या पट्टीने लांबी मोजली, तर अनिश्चितता (खरी किंमत वाचनापासून किती दूर असू शकते ते) ±०.५ मिमी लिहायची की ±१ मिमी? दोन पुस्तकांत दोन उत्तरं सापडली.

उत्तर : दोन्ही पुस्तकांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. टोक या खुणेजवळ आहे की पुढच्या, एवढं डोळ्याला नक्की कळतं. म्हणून एका वाचनाला लघुतम मापाचा, म्हणजे उपकरणावरच्या सर्वांत लहान भागाचा, अर्धा भाग, ±०.५ मिमी. पण लांबी म्हणजे दोन वाचनांतला फरक. शून्याची रेघ वस्तूच्या टोकाशी जुळवणं हेही वाचनच, आणि तिथेही तेवढीच गफलत होऊ शकते. दोन्ही गफलतींनी लांबी एकाच बाजूला ढकलली तर १ मिमी. तसं सहसा होत नाही, म्हणून वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढतात. ते सुमारे ०.७ मिमी येतं. प्रयोगवहीत मी सरळ ±१ मिमी लिहीन. तापमापीत एकच टोक वाचायचं असतं, तिथे अर्धा भाग पुरतो.

व्हर्निअरला, म्हणजे मुख्य पट्टीवर सरकणाऱ्या बारीक खुणांच्या छोट्या पट्टीला, मात्र हा अर्ध्याचा नियम लावू नका. ०.०२ मिमीच्या कॅलिपरवर नेमकी कोणती रेघ जुळली यातच शेजारच्या रेघेचा घोळ होतो. तिथे पूर्ण लघुतम माप धरा.

प्रश्न : माझा डिजिटल मल्टिमीटर १२.०० व्होल्ट दाखवतो. म्हणजे अनिश्चितता ±०.००५ व्होल्ट ना?

उत्तर : तो फक्त पडद्यावरचा आकडा पूर्णांकित केल्याचा वाटा झाला. मीटरचं माहितीपत्रक काढा. त्यात समजा ±(०.५% + २ अंक) लिहिलंय. १२ व्होल्टचे ०.५% म्हणजे ०.०६, शेवटच्या स्थानाचे २ अंक म्हणजे ०.०२, एकूण ±०.०८ व्होल्ट. तुमच्या अंदाजाच्या सोळापट! माहितीपत्रक खोक्यासकट फेकून देण्याची सवय इथे नडते.

प्रश्न : स्टॉपवॉच ०.०१ सेकंदापर्यंत दाखवतं. लोलकाच्या आवर्तकाळात (एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळात) तेवढीच अनिश्चितता धरू का?

उत्तर : नको. बटण दाबणाऱ्या बोटाची चूक ०.२ सेकंदांच्या आसपास असते. २० आंदोलनं एकदम मोजा. ४०.२ ± ०.२ सेकंद आले, तर आवर्तकाळ २.०१ ± ०.०१ सेकंद.

प्रश्न : ०.१ मिमीपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल कॅलिपरने पाच वेळा जाडी मोजली, पाचही वेळा २५.३ मिमी. प्रमाण विचलन (वाचनं सरासरीभोवती किती पसरली ते) शून्य, मग अनिश्चितताही शून्य?

उत्तर : शून्य नाही. वाचनांतला फरक दिसावा इतकं ते उपकरण बारीक नाही, एवढंच यातून कळतं. खरी किंमत २५.२५ ते २५.३५ मध्ये कुठेही, सारख्याच शक्यतेने असू शकते. अशा वेळी एका भागाला (इथे ०.१ मिमी) √१२ ने भागतात : सुमारे ०.०३ मिमी. ही प्रमाण अनिश्चितता, म्हणजे प्रमाण विचलनाच्या रूपात मांडलेली अनिश्चितता; ±०.०५ या टोकाच्या मर्यादा. दोन्हींपैकी काय लिहिलंय ते नोंदवा, नाहीतर वाचणारा गोंधळतो. शिवाय पाचाऐवजी पन्नास वेळा मोजूनही हा वाटा कमी होणार नाही, आणि कॅलिपरची स्वतःची अचूकता यात अजून धरलेलीच नाही.