पिल्लं सापडली की आधी तोड थांबवा

निफाड आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी विचारलेल्या तीन प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न (निफाड) : ऊसतोड चालू असताना पाचटात बिबट्याची दोन पिल्लं दिसली. टोळी घाबरली आहे. पिल्लं उचलून वनखात्याच्या कार्यालयात पोहोचवावीत का?

भाऊ, पिल्लांना हात लावू नका. त्यांची आई लांब गेलेली नसते. कोयत्यांचा आवाज वाढला की ती बाजूच्या फडात सरकते आणि अंधार पडला की परत येते. तिला पिल्लं जागेवर सापडली नाहीत, तर ती रात्र रात्र वस्तीभोवती फिरते. खरा धोका तिथेच असतो. त्यामुळे तोड लगेच थांबवा, त्या सरीत फडकं बांधलेला ऊस रोवून खूण करा. माणसं लांब न्या, मुकादमाला सांगून कोप्यांवरची (टोळीच्या झोपड्यांवरची) लहान मुलं आधी हलवा आणि वनखात्याच्या 1926 या मदत क्रमांकावर फोन करा. दुरून एक फोटो काढून वनरक्षकाला दाखवा, कारण बऱ्याचदा ती रानमांजराची पिल्लं निघतात. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर ठिपके असतात, रानमांजराच्या अंगावर फिकट पट्टे. रानमांजर तुमच्या उसातले उंदीर खातं, तेव्हा त्याचीही पिल्लं तिथेच राहू द्या.

पिल्लं तपासून झाली की वनकर्मचारी संध्याकाळी ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात. अशा एका फडात मी पहाटे गेलो होतो. क्रेट आडवा पडलेला होता, ओल्या सरीत माझ्या चार बोटांएवढे रुंद ठसे नाल्याकडे गेले होते आणि पिल्लं नव्हती. आदल्या दिवशी गावात "पिंजरा लावा"चा धोशा चालला होता. पण एक बिबट्या पकडून नेला, तर मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतो. वर्ष-दीड वर्ष उभा असणारा ऊस, कालव्याचं पाणी, वस्तीवरची कुत्री, हे सगळं आपणच तिथे ठेवलेलं असतं.

पुढच्या तोडीला सुरुवात वस्तीच्या बाजूने करा आणि नाल्याकडची बाजू शेवटी घ्या, म्हणजे जनावराला निघायला वाट राहते. फड पेटवून तोड करू नका. पिल्लं जळतात, आणि जमिनीत जायचं पाचटही जळतं. कुंपणात वीज सोडू नका. तो गुन्हा आहे, आणि रात्री पाणी द्यायला गेलेला आपलाच माणूस त्यात जातो. बिबट्याने गाय-वासरू मारलं, तर पंचनामा होईपर्यंत ते हलवू नका, नाहीतर भरपाई अडते.

प्रश्न (हरसूल परिसर, त्र्यंबकेश्वर) : म्हातारा बैल मेला. पुरावा की गिधाडांसाठी टाकावा?

आधी एक सांगा, शेवटच्या दिवसांत त्याला कोणतं इंजेक्शन दिलं होतं? डायक्लोफिनॅक हे सूज-वेदनेवरचं औषध दिलेल्या जनावराचं मांस खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होऊन ते मरतं. जनावरांसाठी हे औषध 2006 मध्ये बंद झालं. केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक ही तशीच औषधं 2023 मध्ये बंद झाली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. म्हणून एक गिधाड मेलं, तर ती तूट भरून यायला वर्षं लागतात. इंजेक्शनबद्दल शंका असेल किंवा रोगाने मेल्याचा संशय असेल, तर बैल खोल पुरा. तसं काही नसेल, तर वनरक्षकाला कळवा. तुमच्या जवळच खोरीपाड्याला गावकरी आणि वनखातं मिळून मेलेली जनावरं गिधाडांसाठी ठेवतात. यापुढे डॉक्टर सूज-वेदनेवर इंजेक्शन लिहायला लागले, की 'मेलॉक्सिकॅम चालेल का?' एवढं विचारा. गिधाडांना ते सुरक्षित आहे.

प्रश्न (निफाड) : गव्हात उंदीर फार झालेत, विष कुठलं टाकू?

उघड्यावर विष टाकू नका. विष खाऊन लटपटणारा उंदीर घुबड उचलतं आणि तेही मरतं. इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे पिकापेक्षा उंच रोवा आणि बांधावरची जुनी ढोलीची झाडं तोडू नका. गव्हाणी घुबड रात्री त्या थांब्यांवर बसून उंदीर टिपतं. बिळं जास्तच असतील, तर आधी बांधावरची सगळी बुजवा. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तीच चालू बिळं. तेवढ्यांचा नकाशा घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) जा.