नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापिकेला

कुलगुरू व्हायचं तर नियमाप्रमाणे प्राध्यापकपदाचा (किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेतला) किमान 10 वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून आज सहायक प्राध्यापक असताना बढती दोन-तीन वर्षं लांबली, तरी पुढचं सगळं वेळापत्रक तितकंच मागे जातं. बायकांचं गणित बहुधा इथेच बिघडतं. पीएचडीत महिलांना दोन वर्षांची जादा मुदत आणि 240 दिवसांपर्यंत प्रसूती-बालसंगोपन रजा आहे, ती हक्काने घे. कॅसच्या, म्हणजे सेवेतल्या टप्प्याटप्प्याच्या बढतीच्या, मूल्यमापनातही हा रजेचा काळ तुझ्याविरुद्ध धरता येत नाही. 2018 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमावलीतलं ते कलम अर्जाला जोडूनच दे, कारण कार्यालयात ते कुणी आपणहून काढत नाही. पात्रतेच्या तारखेला फाइल तयार हवी.

समित्यांचं बघ. स्वागत, रांगोळी, सूत्रसंचालन न विचारता तुझ्या नावावर येईल. तू परीक्षा, खरेदी, आयक्यूएसी (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) माग, तेही लेखी. पैसा आणि नियम तिथेच कळतात, आणि प्राचार्यपदाच्या मुलाखतीत त्याचंच विचारतात. विद्यापीठात अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यासमंडळाची निवडणूकही लढव.

दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात पहिली महिला कुलगुरू यायला 2022 उजाडलं, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात 2024. पात्र बायका तिथे त्याआधीही होत्याच गं.

आज सेवापुस्तिका, म्हणजे तुझ्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, तपासून घे.