2×2 च्या टाइल्स, 10×12 ची खोली : क्षेत्रफळावर 10 टक्के जास्त घेतल्या तर पुरतात का?

नाही पुरत. कोण म्हणतं पुरतात, तेही मला माहीत आहे. प्रत्येक घरात एक दाजी असतातच.

आधी हे बघा, तुमची टाइल 2×2 नाहीच. बॉक्सवर 600×600 मिमी छापलेलं असतं आणि दोन फूट म्हणजे 609.6 मिमी. एका टाइलचं क्षेत्रफळ 3.875 चौरस फूट भरतं, 4 नाही. हजार चौरस फुटांना 250 नव्हे, 258 टाइल्स लागतात, त्याही एक तुकडा न पडता. म्हणजे तुमच्या 10 टक्क्यांतले तीन इथेच गेले.

आमच्या आईबाबांच्या घरी फरशी बदलायची ठरली तेव्हा मी आलेखाच्या कागदावर प्रत्येक खोली काढून, मिस्त्रींसोबत बसून टाइल्स मोजल्या होत्या. दाजींनी तो कागद बघितलासुद्धा नाही. "एवढ्याला काय नकाशे काढायचे? भागिले चार, वर दहा टक्के," म्हणाले आणि फोनवरून ऑर्डर देऊन मोकळे झाले. मोठे जावई, त्यामुळे बाबा गप्प.

मागची खोली नेमकी तुमच्याएवढीच होती. 10 फूट म्हणजे 3048 मिमी. 2 मिमीचा सांधा धरून पाच टाइल्स 3010 मध्ये बसतात आणि भिंतीशी 38 मिमीची चिंधी उरते. दुसऱ्या बाजूलाही तेच, सहा टाइल्स आणि 46 मिमीची पट्टी. असल्या पट्ट्या कापताना तुटतात, आणि नाही तुटल्या तरी जन्मभर डोळ्यात खुपतात. चांगला मिस्त्री मग मधोमध दोरी मारतो. रुंदीत चार अख्ख्या आणि दोन्हीकडे 320 चे तुकडे, लांबीत पाच अख्ख्या आणि दोन्हीकडे 324 चे. पण 320 आणि 320 मिळून 640 होतात, एका टाइलमधून दोन तुकडे निघत नाहीत. प्रत्येक तुकड्याला नवी टाइल. सहा गुणिले सात, 42. दाजींचा हिशोब 120 भागिले 4, वर दहा टक्के, 33!

शेवटच्या खोलीत माल संपला. त्या लॉटचा माल संपलेला, नवा आला तो किंचित पिवळट. दिवसा कळत नाही, दिवा लावला की खिडकीकडची रांग वेगळी दिसते. दाजींचं आजही म्हणणं आहे की मिस्त्रींनी टाइल्स फोडल्या. मी उरलेले तुकडे अंगणात मांडून दाखवले होते, सगळे 280 चे, सरळ कापलेले. फुटलेली टाइल अशी दिसते का?

बरं, ते 280 चे तुकडे वाया जात नाहीत. त्यातून 100 मिमीच्या दोन-दोन स्कर्टिंग पट्ट्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावायच्या पट्ट्या, निघतात. तुमच्या खोलीला दार सोडून साधारण 41 फूट स्कर्टिंग लागेल, तेवढं त्यातच भागतं. कोणी स्कर्टिंगसाठी वेगळ्या टाइल्स हिशोबात धरल्या तर आधी तुकड्यांचं काय केलं ते विचारा. चारचा बॉक्स असेल तर 42 साठी 11 बॉक्स, आणि एक जास्तीचा माळ्यावर टाकायला. एकूण 12. सगळ्या बॉक्सवर लॉट आणि शेडचा नंबर एकच आहे ना, हे माल उतरवतानाच बघा. एकदा फरशी बसली की कोणी ऐकून घेत नाही.

मापं प्लास्टर झाल्यावर स्वतः घ्या, नकाशावरची नकोत. खोली गुण्यात आहे का, म्हणजे चारही कोपरे काटकोनात आहेत का, तेही बघा. दोन्ही कर्ण सारखे, साधारण 15 फूट साडेसात इंच, आले पाहिजेत. फरक असेल तर माझे आकडेही बदलतील, हे आधीच सांगायला हवं होतं.

ॲडेसिव्ह की सिमेंट, हेही तुम्ही विचारलंय. व्हिट्रिफाइड असेल तर ॲडेसिव्ह. ती टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, सिमेंटचा घोल तिला नीट धरत नाही, पुढे टाइल पोकळ वाजते. किती दिवस लागतील ते मिस्त्रींनाच विचारा, जुनी फरशी उखडायची आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

आणि हो, 42 हा आकडा 600 च्या टाइलचा आणि याच खोलीचा. 11×13 ला गणित पुन्हा मांडावं लागेल, तिरकी बसवायची असेल तर आणखी वाढेल. लाकडी लॅमिनेट घेणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे एका रांगेचा उरलेला तुकडा पुढच्या रांगेच्या सुरुवातीला लागतो, त्यामुळे दहा टक्क्यांचा हिशोब बहुतेक वेळा चालतो. दाजींनी घरी लॅमिनेट घातलंय. तेव्हापासून प्रत्येक जेवणाला तेच उदाहरण देतात.