वाचकांचे प्रश्न : नर्सिंगमधून इंटरॅक्शन डिझाइनकडे

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंग केले असून अनेक वर्षे अतिदक्षता विभागात काम करते. आमच्या रुग्णालयात कागदी चार्ट बंद होऊन सर्व नोंदी संगणकावर आल्या, तेव्हा माझ्या लक्षात आले की थांबवलेले औषध चालू औषधांच्याच रंगात दिसते आणि एक डोस नोंदवण्यासाठी तीन स्क्रीन ओलांडाव्या लागतात. ती स्क्रीन कशी असावी, हे मी कागदावर काढून सहकाऱ्यांना दाखवू लागले. यालाच इंटरॅक्शन डिझाइन म्हणतात आणि तो पूर्णवेळ व्यवसाय आहे, असे भाचीने अलीकडे सांगितले. मला प्रोग्रॅमिंग येत नाही, चित्रकला शाळेनंतर सुटली आणि वय ३६ आहे. या क्षेत्राचा विचार करावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अवश्य करावा. हे क्षेत्र मुळात दुसरीकडून आलेल्या माणसांनीच उभे केले आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत बटणांचा टेलिफोन आला, तेव्हा त्यावरील आकड्यांची मांडणी बेल लॅब्ज या तिथल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत जॉन कार्लिन यांच्या विभागाने निरनिराळ्या रचना माणसांना वापरायला देऊन ठरवली. कार्लिन हे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्याआधी केपटाउनच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत असत. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ग्रिड कंपास या लॅपटॉपचे बाह्यरूप घडवणारे बिल मॉगरिज हे औद्योगिक डिझाइनर होते. तो स्वतः वापरताना त्यांना जाणवले की आपले सारे लक्ष यंत्राच्या आकाराकडे नव्हे, तर स्क्रीनवर काय घडते आहे त्याकडे आहे, आणि ते या विषयाकडे वळले.

आपल्याजवळ जे आहे, ते वर्गात शिकवणे अवघड असते. औषधाच्या मात्रेत ‘५.०’ लिहिले तर टिंब नजरेतून सुटून ५० वाचले जाऊ शकते, म्हणून पूर्ण आकड्यानंतर टिंब देऊन शून्य लिहायचे नाही, हे परिचारिकेला अंगवळणी पडलेले असते. शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणाऱ्या इन्फ्यूजन पंपाची स्क्रीन रचणाऱ्याला मात्र ते कोणीतरी सांगावे लागते. रात्रपाळीत, हातमोजे घातलेले असताना, शेजारच्या मॉनिटरचा अलार्म वाजत असताना माणूस एखादे बटण कसे दाबतो, हे पाहिलेली व्यक्ती डिझाइनच्या चमूत क्वचितच असते.

उरलेला अर्धा भाग शिकावा लागेल. आपण आराखडा काढून सहकाऱ्यांना दाखवता, तेव्हा त्या बहुधा ‘छान आहे’ म्हणतील, आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी कागदी स्क्रीन समोर ठेवून ‘या रुग्णाचे दहाचे औषध दिल्याची नोंद करा’ एवढेच सांगावे, आपण गप्प राहावे, बोट कुठे अडखळते ते टिपावे, आराखडा बदलावा आणि पुन्हा द्यावा. चार-पाच जणींबरोबर हे केले तरी ठळक दोष बाहेर येतात. या बदलांची कारणांसह केलेली नोंद हाच आपला पोर्टफोलिओ. त्यात रुग्णाचे नाव किंवा रुग्णालयाच्या प्रणालीचे छायाचित्र मात्र चुकूनही येऊ देऊ नये. माहिती काल्पनिक वापरावी.

चित्रकलेची धास्ती बाळगू नये. चौकोन, अक्षरे आणि बाण स्पष्ट काढता आले की रोजच्या कामापुरते भागते. प्रोग्रॅमिंग आले तर मदत होते, पण बहुतेक ठिकाणी त्याची अट नसते. स्क्रीनचे आराखडे संगणकावर काढण्याचे फिग्मासारखे साधन घरी शिकता येते, त्यामुळे केवळ ते शिकवण्यासाठी मोठे शुल्क मागणाऱ्या वर्गांपासून दूर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्णवेळ शिक्षण घ्यायचे असेल, तर पवईच्या आयआयटी मुंबईमधील आयडीसी या १९६९ पासूनच्या डिझाइन शिक्षणसंस्थेत आणि एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात इंटरॅक्शन डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. आयडीसीसाठी सीड ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. तिला वयाची अट नाही आणि आपली नर्सिंगची पदवी चालते; रेखाटनाचे प्रश्न मात्र असतात, तेव्हा तेवढा सराव करावा.

नोकरी आताच सोडू नये. रुग्णालयाच्या संगणक विभागाला किंवा प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीला वॉर्डची माहिती असलेली व्यक्ती हवी असते. परिचारिका-अधीक्षकांमार्फत त्या कामात काही तास मागून पाहावेत. थांबवलेल्या औषधाच्या रंगाचा मुद्दा रुग्णसुरक्षेचा आहे, त्यामुळे तो याच आठवड्यात लेखी कळवावा. करिअरचा निर्णय होईपर्यंत त्यासाठी थांबू नये.