चिंगीला निरोप देण्याआधी डॉक्टरांना काय विचारायचं

तुमची पाळीव उंदरी चिंगी अडीच वर्षांची आहे, काखेतली काढलेली गाठ पुन्हा वाढली, खाणं कमी झालं. दयामरणाचा निर्णय कधी घ्यायचा, त्याची तयारी कशी करायची आणि शेजारी सुचवतात तसं घरीच काही करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. घरी काहीही करू नका. क्लोरोफॉर्मचा बोळा, फ्रीजर, डब्यात तयार केलेला कार्बन डायऑक्साइड वायू, यातलं काहीच शांत नसतं. त्या वायूने नाकात जळजळ होते, जीव गुदमरतो, आणि हे सगळं ती शुद्धीवर असताना.

आता 'कधी'. पाळीव उंदरांचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं. या वयात परत आलेल्या गाठीवर दुसरी शस्त्रक्रिया करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उंदीर दुखणं लपवतात, म्हणून ती ओरडेल याची वाट पाहू नका, चेहरा बघा. अर्धवट मिटलेले डोळे, चपटे पडलेले नाक-गाल आणि वळलेले, एकमेकांपासून लांब गेलेले कान म्हणजे तिला दुखतंय. डोळ्यांभोवती लाल डाग दिसले तर घाबरू नका, ते बहुतेक वेळा रक्त नसतं, पॉर्फिरिन नावाचं द्रव्य असतं. पण ते पुसायचंही तिने सोडलं असेल, तर अंगात त्राण उरलेलं नाही. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. श्वास घेताना कुशी आत ओढल्या जात असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रविवारी रात्री धापा टाकणारी उंदरी घेऊन उघडा दवाखाना शोधत फिरण्यापेक्षा दोन दिवस आधीची वेळ घेणं तिच्यासाठी केव्हाही बरं.

डॉक्टर निवडताना नीट चौकशी करा, सगळं यावर अवलंबून आहे. आपल्याकडे बरेच दवाखाने कुत्र्या-मांजरांचेच असतात, म्हणून फोनवरच विचारा: उंदीर बघता का? आयसोफ्लुरेनची, म्हणजे हुंगवून द्यायची भूल देता का? शेवटचं इंजेक्शन कुठे देता? उंदराच्या शिरा फार बारीक असतात, त्यामुळे कुत्र्यासारखं पायाच्या शिरेत औषध देणं अवघड जातं आणि ते सहसा पोटात किंवा थेट हृदयात देतात. हृदयात टोचायचं ते फक्त प्राणी पूर्ण बेशुद्ध असतानाच. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही हीच अट आहे. कोणी जागेपणी हृदयात टोचायचं म्हणालं, तर सरळ नाही म्हणा आणि तिला घेऊन बाहेर पडा. यात भिडेला जागा नाही. आयसोफ्लुरेनच्या वासाने काही उंदीर बावरतात, तेव्हा आधी गुंगीचं इंजेक्शन देता येईल का, तेही विचारा. तुम्हाला जवळ थांबू देतात का, हेही आधीच ठरवून घ्या.

त्या दिवशी तिला उपाशी ठेवू नका. उंदरांना उलटी होत नाही, त्यामुळे भुलीआधी पोट रिकामं ठेवायची गरज नसते. खाईल ते मऊसूत भरवा. नेताना तिच्याच वासाचं फडकं पेटीत घाला, धुतलेलं नको. तिची जोडीदार उंदरी बिजली, तिलाही सोबत न्या, तिच्या शेजारी चिंगी शांत राहील.

नंतर डोळे उघडेच राहतात. लघवी होते, कधी एखादा आचका येतो. ती जागी झालेली नसते. डॉक्टरांना स्टेथोस्कोप लावून हृदय थांबल्याची खात्री करायला सांगा आणि तोपर्यंत तिला हलवू नका.

पुरायचं असेल तर निदान दोन-तीन फूट खोल खड्डा घ्या आणि वर दगड ठेवा. शरीरात औषध उरलेलं असतं, कुत्र्याने किंवा घारीने ते उकरून खाल्लं तर त्यांच्याही जिवावर बेतू शकतं. सोसायटीत जागा नसेल तर दहनाची सोय कुठे आहे, हे डॉक्टरांनाच आधी विचारून ठेवा.

पुरण्याआधी बिजलीला थोडा वेळ तिच्याजवळ सोडा. ती हुंगेल, कदाचित चाटेल, किंवा पाठ फिरवून निघून जाईल. तिला अडवू नका. पुढचे काही दिवस तिचंही वजन करत राहा. एकट्या पडलेल्या उंदरी कधी कधी खाणं टाकतात, आणि तसं झालं तर तिला दाखवायला उशीर करू नका.