लॉकडाऊनमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी दुकाने कोणत्या कायद्याखाली बंद केली?

मुख्यतः आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 खाली. 1897 चा साथरोग कायदा जोडीला होता, पण तो जेमतेम चार कलमांचा. मुंबईतल्या प्लेगच्या वेळी घाईने केलेला. त्याचे कलम 2 राज्य सरकारला तात्पुरते नियम करू देते, आणि महाराष्ट्राने मार्च 2020 मध्ये तसे नियम काढलेही. देशभर एकच आदेश लादण्याची सोय मात्र त्यात नव्हती. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतला विषय. म्हणून केंद्राने 24 मार्च 2020 चा आदेश 2005 च्या कायद्यातून काढला. त्याच कायद्याच्या कलम 25 नुसार जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि कलम 34 मुळे प्राधिकरणाला वाहतूक, प्रवेश रोखता येतो. शिक्षा कलम 51 खाली, एक वर्षापर्यंत; जीवितहानी झाली किंवा तसा धोका ओढवला तर दोन.

जमावबंदी वेगळी: ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 ची. आदेशभंगाचे गुन्हे भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खाली नोंदवले गेले. त्यात संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार नसेल तर न्यायालय दखल घेऊ शकत नाही. नुसत्या एफआयआरवरची प्रकरणे इथेच लटकतात. 1 जुलै 2024 पासून मात्र 144 च्या जागी नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 163 आणि 188 च्या जागी नव्या भारतीय न्याय संहितेचे 223 वाचावे.